गळलेल्या नावांची मावशी

टेनिस संघटनेच्या कचेरीला लागून माझी खोली आहे. खोली म्हणजे काय, एक खिडकी, एक यंत्र आणि मी. मी रॅकेटला तारा ओवतो. सत्तावीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे माझं खरं नाव माझ्या बायकोखेरीज कुणाच्या लक्षात असेलसं वाटत नाही. सगळे मला तारवालेच म्हणतात. कचेरीच्या आणि माझ्या मधल्या भिंतीत एक सरकती काच आहे. काचेपलीकडे आमच्या यादीमावशीचं टेबल. म्हणून तिची हकीकत सांगायचा हक्क माझा. निम्मी मी डोळ्यांनी पाहिली आणि उरलेली त्या काचेतून ऐकली.

ती पहिल्यांदा आली ती एका स्पर्धेपुरती, अकरा दिवसांसाठी, टायपिस्ट म्हणून. बुटकी, झपझप चालणारी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि आवाज असा की कचेरीतला लाऊडस्पीकर त्या दिवसापासून कपाटात गेला तो गेलाच. काम साधं होतं. खेळाडूंचे अर्ज यायचे, त्यांच्या याद्या करायच्या, फळ्यावर लावायच्या, कोण कुणाशी खेळणार तो तक्ता टाइप करायचा, निकाल भरायचे. टेनिसचा तिला गंध नव्हता. दुसऱ्याच दिवशी काच सरकवून तिने मला विचारलं, "अहो तारवाले, पंधरा, तीस आणि मग चाळीस? मधले पाच कुठे गेले?"

"कुणालाच माहीत नाही," मी म्हणालो.

"मग इतकी वर्षं कुणी विचारलं कसं नाही?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही बाई अकरा दिवसांत जाणारी नाही. गेलीच नाही. वर्षभरात पोरं तिला यादीमावशी म्हणायला लागली.

चौथ्या वर्षी एक गोष्ट तिच्या डोक्यात शिरली. आदल्या वर्षीची चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची यादी आणि त्या वर्षीची यादी तिने शेजारी शेजारी ठेवली. आदल्या वर्षी त्रेसष्ट नावं होती. त्यातली अडतीस पुन्हा कुठेच दिसत नव्हती. ना वरच्या गटात, ना खालच्या. ती याद्या घेऊन सचिवांकडे गेली. आमचे सचिव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के, माणूस वाईट नाही, पण कपाटाच्या किल्ल्या मोजल्याशिवाय चहा न पिणारा.

"साहेब, ही अडतीस मुलं कुठे गेली?"

"मुलं येतात, जातात. खेळ आहे तो."

"पण जातात कुठे?"

मग तिने एक जाड वही आणली, अडतीस नावं उतरवली आणि दुपारच्या सुट्टीत एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. एका हातात डबा, एका हातात फोन. मी काचेतून ऐकायचो.

एक बाप म्हणाला, "पोरगा पहिल्याच सामन्यात हरला हो. मग संपलंच ना?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी वेगळी स्पर्धा असते. तो पोराला घेऊन घरी गेला होता आणि इकडे पोराचं नाव पुकारून पुकारून शेवटी खोडलं होतं. एका आईला वाटत होतं की मोठ्या क्लबचं सदस्य असल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. एकाने अर्ज केला होता, पण मुदत तीन आठवडे आधीच संपते हे त्याला मुदत संपल्यावर कळलं. एका मुलीने स्वतःच फोन घेतला आणि म्हणाली, "मी चौदाची झाले. आता मला कोणत्या गटात घेतात ते माहीत नव्हतं, म्हणून मी घरीच बसले."

शेवटचा फोन झाला तेव्हा बाईंनी काच सरकवली. डोळे लाल होते, पण रडण्याने नव्हे, संतापाने.

"तारवाले, ही पोरं हरली नाहीत हो. ही हरवली."

पुढच्या शनिवारी दुपारी कचेरीबाहेरच्या बाकावर तिची शाळा सुरू झाली. जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती रस्ता काढून दाखवायची. इथे तुझं गाव. इथल्या लहान स्पर्धा, त्यात जिंकलास की गुण मिळतात. गुण साठले की राज्याच्या क्रमवारीत नाव. क्रमवारीत वर असशील तर मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश, खाली असशील तर आधी पात्रता फेरी. त्यापुढे शिबिरं, देशाच्या स्पर्धा, परदेशातल्या मुलांच्या स्पर्धा. आणि मग ती हमखास पेन्सिल आडवी वळवायची. "हे फाटेसुद्धा बघून ठेवा. विद्यापीठाच्या संघातून खेळता येतं, खेळाडूंसाठी राखीव जागेवर शिकता येतं. नजर तीक्ष्ण असेल त्याला पंच होता येतं. समजावून सांगायची हौस असेल त्याने प्रशिक्षक व्हावं. सगळे काही पहिल्या नंबरावर जाणार नाहीत, पण म्हणून कुणी रस्त्यातून उठून जायचं कारण नाही."

सचिव एकदा बाहेर येऊन ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, ही संघटना आहे. बस नव्हे. तुम्ही कंडक्टर आहात का?"

"नाही साहेब. कंडक्टरला निदान सुटीचा दिवस असतो."

साहेबांना हसू आवरलं नाही. "ठीक आहे. पण यादीत एक जरी चूक झाली तरी ही शाळा बंद."

यादीत चूक झाली नाही. कधीच नाही.

अशाच एका शनिवारी एक लिफ्ट मेकॅनिक आपल्या मुलीला घेऊन आला. अडीच तासांवरच्या गावाहून, बसने. मुलगी तेरा वर्षांची, उंच, काटकुळी आणि डावरी. तिच्या गावात एकच सार्वजनिक कोर्ट होतं आणि तेही मोठी माणसं अडवून बसायची, म्हणून ती पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खेळत खेळत शिकली होती. भिंतीला जागोजागी पोपडे. चेंडू कुठून कसा उडेल याचा भरवसा नाही. त्यामुळे तिचे पाय असे झाले होते की चेंडू उडायच्या आधीच तिथे पोचायचे. तिची रॅकेट मी हातात घेतली आणि मला हसावं की रडावं कळेना. तीन वेगवेगळ्या तारा गाठी मारून जोडलेल्या.

"कुणी केलं हे?"

"बाबांनी," ती म्हणाली. "लिफ्टच्या दोरांसारखी गाठ आहे. सुटत नाही."

खरंच सुटत नव्हती. मला कात्री लावावी लागली.

बाप संकोचून उभा होता. त्याने बाईंना विचारलं, "ताई, खरं सांगा. आमच्यासारख्यांना यात काही वाट आहे का? नसेल तर आत्ताच सांगा, पोरीला उगाच आशा नको."

"दादा, बसा," बाई म्हणाल्या. "वाट आहे. लांब आहे, वळणाची आहे, पण आहे. मी दाखवते, तुम्ही चाला."

दोन वर्षं डावरी त्या कागदावर चालली. तिच्या गावच्या बसरस्त्यावर कुठे कुठे लहान स्पर्धा आहेत ते बाईंनी शोधून काढलं. कोणत्या महिन्यात परीक्षा, कोणत्या महिन्यात बापाला रजा, ते सगळं जमवून तिने वर्षाचं पत्रक करून दिलं. डावरी कधी जिंकायची, बरेचदा हरायची, पण प्रत्येक स्पर्धेतून चार-दोन गुण घेऊन यायची. पंधराव्या वर्षी ती राज्याच्या क्रमवारीत अशा जागी होती जिथून आमच्या मैदानावरच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तिला जागा मिळाली.

शनिवारी ती दोन सामने जिंकली. रविवारी दुपारी शेवटचा सामना, तो जिंकला की मुख्य फेरी. समोर एका नावाजलेल्या अकादमीची मुलगी, तिच्या केसांना पिवळी फीत. तीन तास खेळल्या. तिसऱ्या सेटमध्ये डावरी पाच-चार पुढे होती आणि सात-पाच हरली. शेवटच्या गुणाला तिच्या रॅकेटची तार तुटली.

ती रॅकेट माझ्या खिडकीवर ठेवून गेली. बाप मागे पिशवी भरत होता. "चला," तो म्हणाला, "पाचची बस मिळेल."

बाई कचेरीतून धावतच आल्या. "कुठे निघालात?"

"हरली ना ताई."

"हरली. पण बाहेर नाही पडली." आणि तिने त्याला समजावून सांगितलं. मुख्य फेरीतली एखादी मुलगी आजारी पडली, दुखापत झाली, तर तिची जागा पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी एकीला मिळते. लकी लूजर म्हणतात. हरलेल्या आठ जणी आहेत, त्यांचा क्रम लावलेला आहे, डावरी चौथी. पण अट एकच. सोमवारी आणि मंगळवारी सकाळी आठच्या आत स्वतः येऊन कागदावर सही करायची. जी सही करणार नाही तिचा नंबर गेला.

बापाने मान हलवली. "तिच्या आधी तिघी आहेत. आणि कुणी आजारी पडेल म्हणून आम्ही वाट बघत बसायची? ताई, मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, पोरीला उगाच आशा नको."

बाई बाकावर त्याच्याशेजारी बसल्या आणि जी गोष्ट मलाही माहीत नव्हती ती त्यांनी त्याला सांगितली.

"दादा, मी एकोणीस वर्षांची असताना शिक्षिका व्हायची परीक्षा दिली होती. पास झाले होते. प्रवेशासाठी अमक्या तारखेच्या आत हजर व्हा अशी नोटीस कॉलेजच्या फळ्यावर तीन दिवस होती. आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं. मी चौथ्या दिवशी पोचले. फळा पुसलेला होता. मी नापास झाले असते तर मला काही वाटलं नसतं. पण पास होऊन राहिले, ते अजून जात नाही. पोरगी खेळात हरली, ते तिचं आणि चेंडूचं. पण हजर नव्हती म्हणून राहिली, असं मी होऊ देणार नाही. तुम्ही दोघं माझ्या घरी राहा."

बापाने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबतो. मंगळवारी इस्पितळाच्या लिफ्टची तपासणी आहे, ती चुकवता येणार नाही."

त्या संध्याकाळी बाईंनी आणखी एक काम केलं. आठही मुलींच्या घरी फोन केला. सही करायला या, मुदत आठची, असं प्रत्येकीला सांगितलं आणि फोनच्या नोंदवहीत वेळेसकट लिहून ठेवलं. मी म्हणालो, "अहो, तुमची डावरी चौथी आहे. बाकीच्या नाही आल्या तर बरंच की."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काच लावून घेतली.

सोमवारी सकाळी पाच जणींनी सह्या केल्या. कुणी आजारी पडलं नाही. दिवसभर डावरी बाकावर बसून राहिली. पोरींना चेंडू मारताना बघायची, पाय हलवायची. संध्याकाळी बाप गावी गेला. जाताना बाईंना म्हणाला, "पोरगी तुमच्या हवाली." मोजके शब्द. पण ज्या माणसाने दोन वर्षांत पोरीला एकटीला कुठे सोडलं नव्हतं, त्याच्या तोंडून ते फार होते.

मंगळवारी सकाळी सात चाळीसला डावरीने सही केली. कागदावर त्या दिवशी फक्त दोनच सह्या झाल्या. एक डावरीची आणि दुसरी सहाव्या क्रमांकाच्या मुलीची. बाकीच्या कंटाळल्या. मी तिची रॅकेट यंत्रावर घेतली होती. तार नवी, ओढ थोडी कमी, कारण मनगट अजून कोवळं होतं.

सव्वादहाला कचेरीतला फोन वाजला. पाचवं मानांकन असलेली मुलगी तापाने फणफणली होती, येऊ शकत नव्हती. बाईंनी फोन ठेवला, उठल्या, कागद घेतला आणि मुख्य पंचांकडे गेल्या. मुख्य पंच म्हणजे बाहेरगावच्या, उंच, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी कागद वाचला आणि डावरीचं नाव पुकारायला सांगितलं.

एवढ्यात एक प्रशिक्षक धापा टाकत आत शिरले. त्यांची शिष्या हरलेल्यांच्या क्रमात पहिली होती.

"थांबा! जागा आमची आहे. आमचा पहिला नंबर आहे."

"सही नाही," मुख्य पंच म्हणाल्या.

"अहो, आत्ता आलो ना! सहीचं काय एवढं? आणि ही बाई," त्यांनी यादीमावशीकडे बोट केलं, "ती मुलगी हिच्या घरी राहते. सगळ्या मैदानाला माहीत आहे. आपल्या पोरीला आत घुसवायला हिने हे केलंय!"

सचिव दारात उभे होते. माझ्या हातातली रॅकेट हातातच राहिली. मला वाटलं, आता बाई फटकारणार. पण तिने आवाज अजिबात चढवला नाही. टेबलावरची नोंदवही उचलली आणि मुख्य पंचांसमोर उघडून ठेवली.

"रविवारी संध्याकाळी आठही घरी फोन केला आहे. यांना सहा वाजून दहा मिनिटांनी. पुढे त्यांचं उत्तर लिहिलंय, तेच वाचा."

मुख्य पंचांनी मोठ्याने वाचलं. "हरलेल्यांच्या रांगेत उभं राहायला आमच्या मुलीला वेळ नाही."

प्रशिक्षकांचा चेहरा पडला. मुख्य पंचांनी वही मिटली. "मुलीला पंधरा मिनिटांत कोर्टवर पाठवा."

रॅकेट घेऊन मीच धावलो. इतक्या वर्षांत मी त्या खोलीतून असा कधी धावलो नव्हतो. डावरी बुटाची नाडी बांधत होती. "तारवाले काका," ती म्हणाली, "मी तर हरलेली आहे."

"ते परवा," मी म्हणालो. "आज मंगळवार आहे."

ती जिंकली. सहा-तीन, सहा-चार. समोरच्या मुलीला डावऱ्या सर्व्हिसचा अंदाजच येईना. चेंडू बाहेर वळायचा, ती आत धावायची. बाईंनी कचेरीतून बापाला फोन लावला. तो इस्पितळाच्या लिफ्टच्या छतावर उभा होता. बातमी ऐकून तो इतक्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावर लिफ्ट कोसळली असं समजून दोन नर्स पळत आल्या.

बुधवारी ती पुन्हा जिंकली. गुरुवारी उपांत्यपूर्व फेरीत समोर कोण? तीच पिवळ्या फितीची मुलगी, जिने रविवारी तिला हरवलं होतं. मी खिडकीवर पाटी लावली, पाच मिनिटांत येतो, आणि दोन तास आलो नाही. रविवारी पाच-चारला डावरी घाबरून चेंडू नुसता पलीकडे टाकत होती. आता पाच-चारला ती पुढे सरसावली आणि बॅकहँडवर असा सणसणीत फटका मारला की चेंडू रेषेवरची चुन्याची धूळ उडवून गेला. सामना संपल्यावर पिवळी फीत जाळ्यापाशी आली आणि हसून म्हणाली, "तुला मीच आत पाठवलं की गं!" दोघी खूप वेळ हसत होत्या. तेव्हापासून त्या मैत्रिणी आहेत.

या सगळ्यात बाईंनी एकही सामना पाहिला नव्हता. निकाल भरायचे, उद्याचा तक्ता करायचा, फोन घ्यायचे. मी काचेतून बातम्या द्यायचो आणि ती मान न वळवता म्हणायची, "स्कोअर नीट सांगा, सात-सहा की सहा-सात?" फक्त तिची पेन्सिल दर वेळी मोडायची.

शुक्रवारी उपांत्य फेरीचा सामनाही ती जिंकली. शनिवारी सकाळी अंतिम सामना, समोर पहिलं मानांकन. मुलगी सोळा वर्षांची, दोनदा परदेशात खेळून आलेली. बाप पहाटेच्या बसने कामाच्या निळ्या कपड्यांतच आला होता. तेलाचा डाग खिशावर तसाच.

सामन्याआधी सचिव कचेरीत आले, कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"बाई, उठा. फोन मी घेतो."

"साहेब, तुम्हाला तक्ता—"

"मी बँकेत चौतीस वर्षं काढली आहेत. एक तक्ता मला भरता येईल. जा, सामना बघा."

बाई आणि मी पहिल्या रांगेत बसलो. पहिला सेट डावरी सहा-दोन हरली. पहिल्या मानांकनाचे फटके खोल आणि जड, डावरी मागे मागे ढकलली जात होती. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "हरतेय का?" मी म्हणालो, "आत्ता तरी हो." "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, पण माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

दुसऱ्या सेटमध्ये डावरीने मार बदलला. जोराला जोर द्यायचं सोडून दिलं. उंच चेंडू, मग एकदम बुटका, मग पुन्हा उंच. समोरच्या मुलीला लय सापडेना. तिला सरळ, स्वच्छ उडणाऱ्या चेंडूंची सवय होती. आणि आमची? हिचा जन्म पोपड्यांच्या भिंतीसमोर गेलेला. सात-पाच. तिसऱ्या सेटमध्ये दोघी सहा-सहावर आल्या आणि टायब्रेक सुरू झाला. मैदानाच्या कडेला आता पन्नास-साठ माणसं जमली होती. बापाने डोळे मिटून घेतले होते आणि शेजारच्याला विचारत होता, "कुणाचा? कुणाचा गुण?"

सहा-पाच, डावरीची सर्व्हिस. एवढ्यात सचिव कचेरीतून हातात फोनचा रिसीव्हर असल्यासारखे हात हलवत धावत आले आणि बाईंच्या कानाशी वाकले. "बाई, एक गृहस्थ विचारतायत, मुलगा अकरा वर्षांचा आहे, पहिला सामना हरला, आता कुठे खेळवायचं? काय सांगू?"

"साहेब, गप्प बसा!" बाई ओरडल्या.

सचिव गप्प बसले. तिथेच, पायरीवर.

डावरीने चेंडू तीनदा टप्पे देऊन उडवला. सर्व्हिस बाहेरच्या कोपऱ्यात वळली, समोरच्या मुलीने कशीबशी रॅकेट लावली, चेंडू जाळ्याच्या पट्टीवर आपटून उडाला आणि अलीकडे मरतुकड्यासारखा पडायला लागला. डावरी मागच्या रेषेवर होती. कुणीही सोडून दिला असता. पण त्या पोरीचे पाय आधीच निघाले होते. जमिनीपासून एका वितीवर तिने रॅकेट घातली आणि चेंडू अलगद पलीकडे, रिकाम्या कोर्टात टाकला.

मग जो गलका झाला त्यात मला फक्त बाप दिसला. डोळे उघडून तो सगळ्यांना विचारत होता, "कुणाचा?" आणि सगळे त्याला मिठ्या मारत होते. डावरी कोर्टावर बसकण मारून रडत होती. सचिव पायरीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते, टाय खांद्यावर गेलेला. आणि यादीमावशी? ती उठून कचेरीकडे चालायला लागली होती.

"अहो, कुठे?"

"फोनवर माणूस थांबलाय ना!"

मी मागे गेलो. तिने रिसीव्हर उचलला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज खणखणीत. "हं, दादा, बोला. अकरा वर्षांचा आहे? हरला? छान. उद्या सकाळी नऊला त्याला घेऊन या. नाही, नाही, संपलेलं काही नाही. कागद-पेन घ्या, मी सगळं सांगते."

त्या विजयाने डावरीला राज्याच्या चार आठवड्यांच्या शिबिरात जागा मिळाली. तिथून तिची गाडी रुळावर आली. पुढे ती देशाच्या अठरा वर्षांखालच्या संघातून दोनदा खेळली, विद्यापीठात खेळाडूंच्या राखीव जागेवर शिकली आणि आज त्या विद्यापीठाच्या संघाची कर्णधार आहे. पहिल्या नंबरावर गेली नाही. जाईल असंही कुणी म्हणत नाही. पण रॅकेट घेऊन ती जिथे जिथे पोचली आहे, ती ठिकाणं तिच्या बापाने नकाशावरही पाहिली नव्हती.

शिबिर संपल्यावर सचिवांनी कार्यकारिणीत ठराव मांडला. यादीमावशीसाठी वेगळी जागा, वेगळं टेबल, दारावर "खेळाडू मार्गदर्शन" अशी पाटी. बाईंनी होकार दिला, पण एका अटीवर. स्पर्धेची प्रत्येक सूचना प्रत्येक शाळेत, प्रत्येक सार्वजनिक कोर्टवर आधी महिनाभर लागली पाहिजे आणि मुदतीची तारीख सगळ्यात मोठ्या अक्षरात. "खेळाडूचं नाव लहान असलं तरी चालेल," ती म्हणाली, "तारीख मोठी."

पुढच्या मोसमात चौदा वर्षांखालच्या गटात एकशे सव्वीस अर्ज आले. तक्ता एका कागदावर मावेना, दोन कागद चिकटवावे लागले. सलामीच्या सकाळी रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. आई-बाप, आजोबा, रॅकेटी, पिशव्या, रडणारी धाकटी भावंडं. सचिव स्वतः टेबल-खुर्ची घेऊन रांगेच्या मध्यावर बसले आणि सह्या घेऊ लागले. माझ्याकडे तारा संपल्या, एवढ्या रॅकेटी आल्या. बाई रांगेतून वर-खाली फिरत होती आणि दुपारी बारापर्यंत तिचा तो प्रसिद्ध आवाज पार बसला. खुणांनी सांगायला लागली. कुणी पोर पहिला सामना हरून, मान खाली घालून फाटकाकडे निघालं की ती दोन्ही हात पसरून त्याच्यासमोर उभी राहायची आणि बोटाने मागच्या कोर्टांकडे दाखवायची. पहिल्या फेरीत हरलेल्यांची स्पर्धा यंदा तिथे त्याच दिवशी लावली होती.

त्या दिवशी एकही पोर फाटकाबाहेर गेलं नाही.